एका शेताचीं चार मापें

ठाण्याच्या उत्तरेस, खाडीच्या पश्चिम कांठावर, कोलशेत नांवाचा गांव आहे. गांव असें आम्ही संवयीनें लिहितों. ठाणें शहरानें त्यास केव्हांच पोटांत घेतलें असून, जेथें भाताचीं खाचरें होतीं तेथें आतां उंच उंच इमारती उभ्या आहेत. समोरच्या तीरावर काल्हेर, मागें घोडबंदरचा रस्ता, आणि मध्यें ज्याच्या नांवांत अजून शेत शिल्लक आहे असा हा गांव.

कांहीं महिन्यांपूर्वीं आमच्या परिचयाच्या तेथील एका घरीं आम्ही बसलों असतां घरधन्यांनीं सातबाराचा एक उतारा आमच्यापुढें ठेवला. जमीन वडिलार्जित, दोघां भावांची. ती एका बांधकाम करणाऱ्या मंडळीस द्यावयाची ठरली होती. वडील बंधूंचें म्हणणें असें कीं, जमीन बरोबर एक एकर, म्हणजे चाळीस गुंठे. त्यांचे वडील तसें सांगत, आजोबाहि तसेंच सांगत. करारनाम्याच्या मसुद्यांतहि चाळीस हाच आंकडा होता. मात्र त्याच्यापुढें गुंठे हा शब्द नसून आर हा शब्द होता. उताऱ्यावर क्षेत्र लिहिलें होतें ०.४०.४७. "चाळीस तर जुळतात," ते म्हणाले, "मग हे सत्तेचाळीस कोणाचे?"

मसुदा करणाऱ्या कारकुनानें त्यांचें समाधान आधींच करून ठेवलें होतें. गुंठा म्हणजेच आर, नांव तेवढें नवें. पुढचे सत्तेचाळीस ही कचेरींतली बारीकसारीक बाब, तिच्याकडे पाहूं नये. हें समाधान त्या कारकुनानें लबाडीनें केलें असें आम्हांस वाटत नाहीं. गुंठा आणि आर एकच, असें बाजारांत शंभरांतलीं नव्वद माणसें बोलतात. परंतु घरधन्यांचा प्रश्न बरोबर होता, आणि त्याचें उत्तर देण्यास त्या शेताचा थोडा इतिहास पाहिला पाहिजे.

इतिहास म्हणजे येथें लढाया नव्हेत. जरी त्यांचीहि या भागांत वाण नाहीं. ज्या साष्टी बेटाच्या ईशान्य अंगास कोलशेत वसलें आहे, त्या बेटांत मराठ्यांनीं १७३७ सालीं पोर्तुगीजांकडून ठाणें घेतलें, आणि १७७४ सालच्या अखेरीस इंग्रजांनीं तें मराठ्यांकडून घेतलें. राज्यें बदललीं तरी खाचर होतें तेथेंच राहिलें. बदललें तें खाचर मोजण्याचें माप, आणि त्याची आठवण तख्तांच्या आठवणीपेक्षां घरोघर अधिक टिकली आहे.

मराठशाहींतील माप माणसाच्या देहांतून निघालें होतें. सभासदाच्या बखरींत शिवकालीन मोजणीची जी रीत दिली आहे तींत पांच हात व पांच मुठी यांची एक काठी, वीस काठ्या लांब आणि वीस काठ्या रुंद असा एक बिघा, आणि एकशेंवीस बिघ्यांचा एक चावर, असें कोष्टक येतें. अण्णाजी दत्तो यांचें नांव या व्यवस्थेशीं जोडलेलें आहे. हात कोणाचा धरावयाचा, पाटलाचा कीं कुणब्याचा, ही शंका कोणासहि येईल. ती त्या वेळच्या कारभाऱ्यांसहि आली होती, म्हणून हात चौदा तसूंचा आणि सबंध काठी ब्यायशीं तसूंची, असें त्यांनीं बांधून टाकलें. जुनीं मापें म्हणजे निव्वळ अंदाजपंचे कारभार, अशी जी आपली समजूत असते ती या एका ब्यायशीं आंकड्यानें पुसली जावी. देहाचें नांव ठेवून देहाची लांडीलबाडी काढून टाकण्याची ही युक्ति होती.

उत्तर कोंकणांत मात्र कित्येक ठिकाणीं जमीन मोजण्याच्या भरीस न पडतां, अमुक तुकड्यावर अमुक मुडे भात, असा ठोक आकार बसविण्याची रीत होती. तिला हुंडाबंदी किंवा मुडाबंदी म्हणत. अडाणीपणाची रीत म्हणून हिची थट्टा करणें सोपें आहे. परंतु खाडीकांठच्या शेतकऱ्याच्या जागीं आपण क्षणभर उभे राहिलों तर तिच्यांतलें शहाणपण दिसूं लागतें. दोन खाचरें क्षेत्रानें अगदीं सारखीं असलीं, तरी ज्याच्या बांधावरून खारें पाणी आंत येतें तें आणि ज्यास गोडें पाणी मिळतें तें, हीं दोन्ही सारखीं नव्हेत. त्याला जमीन किती हें विचारण्यांत अर्थ नव्हता. भात किती हेंच त्याचें खरें माप. कोळीणबाई आजहि बोंबील किंवा मांदेली वाट्यानें विकते, तेंहि याच बुद्धीनें. वाटा डोळ्यांनीं पाहावयाचा, वजनाचें नांव काढावयाचें नाहीं.

इंग्रजांस हें चालण्यासारखें नव्हतें. त्यांना हव्या असलेल्या साऱ्याचा हिशेब मुंबईस बसून करावयाचा होता, आणि मुंबईस बसलेल्या माणसाला वाटा दिसत नाहीं, आंकडा दिसतो. १८३५ सालीं गोल्डस्मिड व विंगेट यांनीं इंदापूर तालुक्यापासून जी पाहणी सुरू केली, तीच पद्धति पुढें मुंबई इलाख्यांत पसरली व शतकाच्या मध्यानंतर ठाणें जिल्ह्यांतहि आली. तिचें मुख्य हत्यार म्हणजे लोखंडाची साखळी. विलायतेंत एडमंड गुंटर यानें १६२० च्या सुमारास ६६ फुटांची साखळी प्रचारांत आणली होती. अशा दहा चौरस साखळ्यांचा एक एकर होतो. आमच्याकडील मोजणीदारांच्या हातीं जी दिली ती तिच्या निम्मी, तेहतीस फुटांची होती. तेहतीस फूट लांब आणि तेहतीस फूट रुंद असा तुकडा म्हणजे गुंठा, १,०८९ चौरस फुटांचा. असे चाळीस गुंठे मिळून ४३,५६० चौरस फुटांचा एक एकर. त्या साखळीचे भाग पाडले ते सोळा, आणि त्यांना नांव दिलें आणे. गुंठ्याचेहि सोळा आणेच मानीत.

ही तडजोड आम्हांस मोठी मार्मिक वाटते. एकर परका, पण त्याच्या पोटांतला गुंठा हा शब्द इकडचा, कानडींतहि गुंटे असा बोलला जाणारा, आणि गुंठ्याच्या पोटांतला आणा तर प्रत्येकाच्या कनवटीचा. गुंटर साहेबाच्या नांवावरूनच गुंठा निघाला असावा, असा मोह कोणास झाल्यास त्यानें तो आवरावा. इंग्रजांनीं फूट तेवढा आणला, त्याला पोशाख आमचा घातला. आणि पोशाख ओळखीचा म्हणून माणूसहि ओळखीचा वाटूं लागला. दोन पिढ्यांत गुंठा हा इतका घरचा झाला कीं, तो परकीय मापाचा चाळिसावा हिस्सा आहे हें कोणाच्या ध्यानींमनींहि राहिलें नाहीं. कोलशेतचे आमचे घरधनी गुंठ्यास जुनें मराठी माप समजतात, आणि त्यांचें चुकतें असें म्हणण्यास आमची जीभ धजत नाहीं.

पण बदलाचे पहिले दिवस गोड नसतात. जुना बिघा हा एकराहून लहान, पाऊण एकरापेक्षां थोडासा मोठा. ज्याच्या घरीं पिढ्यान् पिढ्या पांच बिघे म्हणून बोलत आले, त्याच्या नांवावर साखळी फिरल्यानंतर चारच एकर मांडलेले दिसले, तर एक बिघा सरकारनें गिळला असें त्याला वाटलें असल्यास नवल तें काय? जमीन तसूभरहि हललेली नव्हती. परंतु जो हिशेब आपल्याला स्वतःला करतां येत नाहीं त्यांत कांहींच गेलें नाहीं, हें दुसऱ्याच्या तोंडून ऐकून कोणाचें समाधान होतें?

आतां तिसरें माप. फ्रान्सच्या राज्यक्रांतींत जुनें सर्वच मोडून काढण्याची जी लाट उठली तिच्याबरोबर मीटर जन्मास आला. उत्तर ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतच्या अंतराचा एक कोट्यांश, अशी त्याची मूळ कल्पना. राजाचा हात नको, सरदाराचें पाऊल नको. सर्व माणसांची मिळून जी एक पृथ्वी, तीच माप होवो. हेतु उदात्त होता यांत शंका नाहीं. परंतु पृथ्वी कोणाच्या कनवटीस नसते. आपल्या हातानें आपल्यालाच मोजून पाहतां यावें हा जो जुन्या मापांचा गुण, तो या नव्या मापांत नव्हता. त्याच्याऐवजीं दुसरा एक मोठा गुण होता: सर्व चढत दहांनीं. आठ सुतांचा इंच, बारा इंचांचा फूट, तीन फुटांचा वार, असा जो जिना आमच्या पिढीच्या वडीलधाऱ्यांनीं छड्या खात पाठ केला, तो या मापांत एका शून्यानें चढतां येतो.

हें दशमान पद्धतीचें वारें हिंदुस्थानांत स्वातंत्र्यानंतरच आलें, अशी समज आहे. ती तितकीशी खरी नाहीं. लॉर्ड मेयोच्या कारकीर्दींत, १८७१ सालीं, जो वजनमापांचा कायदा झाला, त्यांत शेर हा किलोग्रॅमबरोबर धरावा असें ठरलें होतें. नांव शेराचें, वजन फ्रान्सचें. म्हणजे गुंठ्याचीच युक्ति पुन्हां एकदां. परंतु पुढच्याच वर्षीं मेयोचा खून झाला आणि तो कायदा कागदावरच राहिला. तो अमलांत आला असता तर आज आपण किलोला शेरच म्हणत असतों, आणि ही सगळी उलथापालथ आपल्या आजोबा-पणजोबांच्या वांट्यास जाऊन आपण मोकळे राहिलों असतों.

मग बाजारांत चाललें होतें तें काय? तेंहि एक माप नव्हतें. मुंबईचा मण २८ रत्तलांचा, आणि ऐंशी तोळ्यांच्या शेरानें होणारा सरकारी मण ८२ रत्तलांहून थोडा अधिक. दोहोंचें नांव मणच. त्यावर पायल्या आणि अधोल्या निराळ्याच. ही गोंधळपट्टी मोडणें जरूर होतें, आणि स्वतंत्र भारताच्या संसदेनें १९५६ सालीं प्रमाण वजनमापांचा कायदा करून तें काम हातीं घेतलें. आधीं आलें नाणें. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. जुन्या एका आण्याचे होतात सव्वासहा पैसे; सव्वा पैशाचें नाणें कोठून आणावयाचें? म्हणून सरकारी कोष्टकांत एक आण्याचे सहा, दोन आण्यांचे बारा, तीन आण्यांचे एकोणीस व चार आण्यांचे पंचवीस पैसे ठरले. आतां गंमत पाहा. चार आणे एकदम मोडले तर पंचवीस पैसे. तेच एक एक करून मोडले तर चोवीस. सोळा आणे सोळा वेळां मोडणाऱ्याच्या हातीं रुपयाऐवजीं शहाण्णव पैसे यावयाचे. चार पैसे कोणी चोरले नाहींत, पण ते गेले. आणि ज्याचा व्यवहार आण्याआण्यानेंच चाले त्याचेच गेले. ज्याच्याजवळ सबंध रुपया होता त्याचें कांहींहि बिघडलें नाहीं. मापांतराचा सगळा इतिहास आम्हांस या एका कोष्टकांत दिसतो. मापें बदलतांना अपूर्णांक उरतात, ते कोठेंतरी सांडतात, आणि सांडतात ते बहुधा ज्याचा हात लहान त्याच्याच हातून.

शेराची गोष्टहि अशीच. ऐंशी तोळ्यांचा शेर ९३३ ग्रॅमांचा. ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्यानें त्याच्या जागीं किलो आला. किलो शेराहून मोठा, तेव्हां भाव कांहींसा वाढणें न्याय्यच होतें. शेरास रुपया तर किलोस एक रुपया सात पैसे. पण सात पैशांचा हिशेब दुकानाच्या फळीवर कोण करीत बसतो? आणि तोळ्याचें तर आजहि चाललेंच आहे. खरा तोळा ११.६६ ग्रॅमांचा. सराफकट्ट्यावर आतां दहा ग्रॅमांस तोळा म्हणतात. आजीच्या चार तोळ्यांच्या पाटल्या वजनांत साडेशेहेचाळीस ग्रॅमांच्या वर भरतात. आज चार तोळ्यांच्या म्हणून केलेल्या पाटल्या चाळीस ग्रॅमांच्या. शब्द एक, सोन्यांत साडेसहा ग्रॅमांचा फरक. एका बहिणीस आजीच्या पाटल्या आणि दुसरीस तितक्याच तोळ्यांच्या नव्या, अशी समान वांटणी झालेलीं घरें आमच्या पाहण्यांत आहेत. आणि त्या बहिणींत कोणाच्या मनांत कांहीं राहिलेलें नाहीं, याचें कारण कोणी वजन केलें नाहीं एवढेंच.

जमिनीच्या कागदांवर हेक्टर आणि आर आले ते याच लाटेंत. आर म्हणजे दहा मीटर लांब, दहा मीटर रुंद तुकडा. असे शंभर आर म्हणजे हेक्टर. तलाठ्यांच्या दप्तरांतल्या एकर-गुंठ्यांचें रूपांतर करावयाचें काम केवढें असेल याची कल्पना करावी. प्रत्येक गांवचे शेंकडों गट, त्यांचे पोटहिस्से, त्यांतला पोटखराबा, आणि प्रत्येक आंकड्यास गुणाकार. समजा, एका शेताचे गुंठे पंचेचाळीस. त्यांचे आर साडेपंचेचाळिसाहून किंचित् अधिक, म्हणजे पूर्णांकांत शेहेचाळीस. त्याच शेताचे पंधरा-पंधरा गुंठ्यांचे तीन हिस्से असले, तर प्रत्येकाचे आर पंधरा आणि थोडेसे. तें थोडेसें सोडून दिलें कीं बेरीज पंचेचाळीस. बाप शेहेचाळीस आरांचा, तीन मुलगे मिळून पंचेचाळीस! म्हणूनच उताऱ्यावर आरांच्या पुढें चौरस मीटरांचें तिसरें घर ठेवावें लागतें. आमच्या घरधन्यांना जें घर निरुपयोगी वाटत होतें, तेंच त्यांच्या जमिनीचें रखवालदार होतें.

आतां त्यांचा हिशेब. गुंठा १,०८९ चौरस फूट. आर १,०७६ चौरस फूट आणि थोडे इंच. फरक साडेबारा चौरस फुटांच्या आसपास, एका खाटेची जागाहि नव्हे. म्हणूनच गुंठा म्हणजे आर असें बोलतांना कोणाची जीभ अडखळत नाहीं. परंतु चाळीस गुंठ्यांचे आर चाळीस होत नाहींत. ते होतात ४०.४७. उरलेले सत्तेचाळीस म्हणजे सत्तेचाळीस चौरस मीटर, आणि त्यांचे चौरस फूट पांचशेंपेक्षां चार-पांच अधिक. पांचशें फुटांचें घर! ज्या घरासाठीं ठाण्या-मुंबईचा मध्यमवर्गीय माणूस वीस वर्षें हप्ते फेडतो, तेवढी जमीन त्या मसुद्यांत एका शब्दाच्या बदलानें नाहींशी होत होती. शिवाय बांधकाम किती करतां येईल हें जमिनीच्या प्रमाणांत ठरतें, तेव्हां एकावर एक मजले चढत गेले म्हणजे ती तूटहि तशीच चढत जावयाची.

येथें कोणी म्हणेल कीं, कायदा एक माप सांगतो तर लोकांनीं तेंच बोलावें, म्हणजे घोटाळा नको. बोलणें सोपें आहे. परंतु मापें शब्दांत राहत नाहींत, वस्तूंत राहतात. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदरहून ठाण्यास जी पहिली आगगाडी आली ती एकवीस मैल चालून आली. आज तें अंतर चौतीस किलोमीटर लिहितात. पण रुळांमधलें अंतर त्या वेळीं ठरलें साडेपांच फूट, आणि आज तें कागदावर १,६७६ मिलिमीटर असें लिहिलें तरी तें साडेपांच फूटच आहे. १,६७६ हा आंकडा कोणी शहाणा माणूस आपण होऊन निवडील काय? कोलशेतच्या बंदरावर खाडीची रेती निघत असे तेव्हां ती ब्रासनें विकली जाई; ब्रास म्हणजे शंभर घनफूट. राज्य सरकारनें २०२३ सालीं वाळूचें जें धोरण आणलें, त्यांतहि भाव ठरला तो सहाशें रुपये ब्रास असाच. घनमीटरानें रेती मागणारा माणूस आम्हांस अजून भेटावयाचा आहे. इमारतीवरचा लोखंडकाम करणारा सळईस तीन सुती म्हणतो. गिरणींतून ती दहा मिलिमीटरांची निघते, तीन सूत होतात साडेनऊ. येथें मात्र अपूर्णांक गिऱ्हाइकाच्या पदरीं पडला आहे, हें प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे.

आंकड्यावरून त्याची जात ओळखण्याचा एक छंद आम्हांस या निमित्तानें जडला आहे. ताप मोजण्याच्या नळींत निरोगी माणसाची उष्णता ९८.६ अंश धरतात. लहानपणीं आम्हांस या दशांशाचा फार आदर वाटे, कीं डॉक्टरांनीं किती बारीक मोजलें असेल! खरें असें कीं, वुंडरलिश या जर्मन वैद्यानें १८६८ सालीं सेल्सिअसचे सरळ सदतीस अंश म्हणून सरासरी सांगितली. तिचें फॅरनहाइट केलें तेव्हां हा दशांश उगवला. बारकाई रोग्याच्या अंगांत नव्हती, गुणाकारांत होती. घरांचेंहि तसेंच. झोपडपट्टी पुनर्वसनांतल्या घराचें क्षेत्र एके काळीं २६९ चौरस फूट होतें. असा ओबडधोबड आंकडा कोणास सुचला? तो सुचला नाहीं. मूळ आंकडा पंचवीस चौरस मीटर. पुढें तें घर मोठें झालें आणि नियमांत २७.८८ चौरस मीटर असें आलें. हा मूळचा फुटांत जन्मलेला, तीनशेंचा. हिशेबानें २७.८७ यावयाचे, शेवटचा एक शतांश कोणी तरी उदार होऊन घातला असावा. मुंबईत पांचशें फुटांपर्यंतच्या घरांचा मालमत्ताकर २०२२ सालीं माफ झाला, तेथें कायद्यास लिहावें लागलें ४६.४५ चौरस मीटर. उलट परवडणाऱ्या घरांची २०१९ सालची जी करसवलत, तिची महानगरांतली मर्यादा साठ चौरस मीटर. हा आंकडा मीटरांत विचार करणाऱ्यानें ठरविला, म्हणून साडेसहाशें फुटांचें सुटसुटीत घर घेणारा गृहस्थ त्या मर्यादेच्या एक हातभर बाहेर जाऊन बसतो.

हें सगळें घरगुती झालें. परंतु याच एका चुकीनें विमान आकाशांत निकामी झालेलें आहे. कोलशेतच्या रस्त्यावरच वायुदलाचें ठाणें आहे, आणि विमानांचें जग अजूनहि उंची फुटांतच मोजतें. तेव्हां हा दाखला तेथील लोकांस अगदींच परका वाटूं नये. २३ जुलै १९८३ रोजीं एअर कॅनडाच्या एका विमानास २२,३०० किलो इंधन लागणार होतें. ती कंपनी त्याच सुमारास रत्तलांवरून किलोंवर येत होती. लिटरांचें वजन काढतांना जो गुणक घेतला तो किलोचा नव्हता, रत्तलाचा होता. विमान निम्म्याहूनहि कमी इंधन घेऊन उडालें, आणि ४१,००० फुटांवर त्याचीं यंत्रें बंद पडलीं. वैमानिकानें तें पंख पसरलेल्या घारीसारखें तरंगत आणून गिमली येथील एका जुन्या धांवपट्टीवर उतरविलें. सगळे प्रवासी वांचले. १९९९ सालीं मंगळाकडे पाठविलेलें अमेरिकेचें यान मात्र वांचलें नाहीं. एका मंडळीनें आंकडे रत्तलांच्या मापानें दिले आणि दुसरीनें ते दशमान समजून घेतले. ज्यांनीं हे आंकडे मांडले ते आमच्या त्या कारकुनाहून पुष्कळ अधिक शिकलेले होते. चूक गणिताची नव्हतीच, दोन्ही ठिकाणीं गणित बरोबर होतें. आंकड्यापुढचा शब्द तेवढा कोणी वाचला नाहीं.

चौथें माप आतां त्या शेतावर चढावयाचें आहे. इमारत उभी राहील तेव्हां तिच्या जाहिरातींत फूट असतील, नोंदणीच्या दस्तांत मीटर असतील, आणि दोघे भाऊ गांवांत बोलतांना आमचे गुंठे असेंच म्हणतील. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्यानें चटईक्षेत्राची व्याख्या केली, विकासकावर बंधनें घातलीं. तीं सर्व चौरस मीटरांत. घर पाहावयास येणारें जोडपें मात्र खोलीच्या मध्यें उभें राहून दहा बाय बारा असेंच म्हणणार. त्यांना आम्ही नांवें ठेवीत नाहीं. आमची स्वतःची उंची कोणी सेंटिमीटरांत विचारली तर आम्हांसहि क्षणभर भिंतीकडे पाहावें लागतें.

त्या दिवशीं आम्हीं उताऱ्याच्या पाठीवरच पेन्सिलीनें गुणाकार करून दाखविला. वडील बंधूंनीं तो दोनदां ऐकला. मग आंतून मोजपट्टी आणविली, आणि त्याच ओटीवर सुमारें सत्तेचाळीस मीटर कितीसे होतात हें ते पाहूं लागले. ओटी पुरली नाहीं. माजघर व स्वैंपाकघर धरूनहि पुरली नाहीं, तेव्हां ते उठून अंगणांत गेले. मसुदा परत गेला आणि दुरुस्त होऊन आला. दुसऱ्या बाजूनें त्याविषयीं एक अक्षरहि काढलें नाहीं. आतां करारांत ४,०४७ चौरस मीटर असें अक्षरी व आंकडी लिहिलें आहे.

पुढें दोघां भावांची आपसांत वांटणी लिहिण्याची वेळ आली तेव्हां आम्हांस पुन्हां बोलावणें आलें. ४,०४७ हा विषम आंकडा. निम्मे केले तर दोन हजार तेवीस आणि वर अर्धा मीटर. पेन्सील त्या अर्ध्यापाशीं थांबली. धाकट्या भावानें चष्मा कपाळावर सारला आणि म्हणाला, "दादा, तो अर्धा तूं घे. बापूस वारला तेव्हां बांधावर पहिला तूं उतरलास." दादांनीं कागद आपल्याकडे ओढला, दोन्हीं बाजूंस साडेतेवीस साडेतेवीस असें स्वतःच्या हातानें लिहिलें, आणि चहा आणावयास सांगितला.